गंजावरची तिथी, दाखल्यावरची तारीख आणि आजीचं माहेर

मंडळी नमस्कार,

आजीच्या लग्नातल्या पितळी गंजाच्या (मोठ्या भांड्याच्या) काठावर कोरलंय: "वै. व. 5 शके 1861 सोमवार". खाली "काटोल" वाचता येतं, बाकीची ओळ झिजली आहे. घरात मात्र आजी-आजोबांच्या लग्नाचा वाढदिवस 9 एप्रिलला धरतात. थोरल्या काकांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर 1 जुलै 1941 आहे, पत्रिकेत भलतीच तिथी. आजीच्या माहेरची बाजू वंशावळीत पूर्ण कोरी. सुरुवात कुठून करावी?

धंतोलीची, सध्या टोरांटो

---

ताई,

गंजावरचंच धरा. ते लग्नाच्या वेळी कोरलेलं आहे, बाकी सगळं नंतरचं.

शके 1861 मध्ये 78 मिळवले की 1939. हे 78 पाडव्यापासून डिसेंबरअखेर चालतात. जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत 79 मिळवायचे. माघ-फाल्गुनातल्या लग्नांचं साल वंशावळीत एकाने मागे पडतं ते इथेच.

9 एप्रिल कुठून आला असेल तेही सांगतो. आपला महिना अमावास्येला संपतो, हिंदी मुलखातला पौर्णिमेला. शुद्ध पक्ष दोन्हीकडे एकच, पण वद्य पक्षाला तिकडे पुढच्या महिन्याचं नाव. आपला चैत्र वद्य तो त्यांचा वैशाख कृष्ण. 1956 पर्यंत नागपूर आणि छिंदवाडा-शिवनी एकाच प्रांतात होते, सोयरिकी होत्या, हिंदी पंचांगही घरात यायचं. कुणीतरी तिथी त्यात पाहिली असणार. आपल्या रीतीने वैशाख वद्य 5 येते 8 मे 1939, सोमवारी. त्यांच्या रीतीने 9 एप्रिल, आणि तो रविवार. गंजावर सोमवार आहे, म्हणजे 8 मे. शिवाय 9 एप्रिलला सूर्य मीन राशीतच होता, तेव्हा सहसा मुहूर्त काढत नाहीत. म्हणून सर्वांना सांगणं, जुन्या नोंदीतला वार कधी गाळू नका. तिथी लिहिताना चूक होते, वार सहसा चुकत नाही.

संवत्सराचं नाव असेल तर आणखी एक ताळा मिळतो. शकात 12 मिळवा, 60 ने भागा, बाकी उरेल तो साठ संवत्सरांच्या चक्रातला क्रमांक. 1873 भागिले 60, बाकी 13, तेरावा प्रमाथी. नाव आणि आकडा जुळले नाहीत तर शकातला एखादा अंक चुकीचा वाचला गेलाय. 6 आणि 9 फार फसवतात.

आता ती झिजलेली ओळ. गंज चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका, उरलंसुरलं जाईल. कोरड्या फडक्याने पुसा, रांगोळीची बारीक भुकटी बोटाने खाचेत दाबा आणि वरची अलगद झटका. खोलीत अंधार करून टॉर्च काठाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून फोटो घ्या. अक्षरांत "कडून" शोधा. त्याच्या आधीचं नाव देणाऱ्याचं असतं, आणि काटोल बहुधा त्याचंच गाव. "मामाकडून" निघालं तर नशीब समजा. नवरीचा मामा म्हणजे तिच्या आईचं माहेर, एका भांड्यावरून एक पिढी आणखी मागे जाता येतं.

महाल, सध्या न्यू जर्सी

---

भाऊंनी लग्नाचं नीट सांगितलं. मी जन्माचं लिहिते, कारण माहेर सापडतं ते तिथून.

दाखल्यावरची 1 जुलै सोडून द्या. शाळेत नाव घालताना वय पुरं बसेल अशी तारीख गुरुजी टाकत. पिढ्यान् पिढ्या अर्धा वर्ग जून-जुलैत जन्मलेला दिसतो तो त्यामुळेच. दाखल-खारिज रजिस्टरचा (शाळेत नाव घातल्या-काढल्याच्या नोंदवहीचा) उतारा तरीही घ्या, त्यात जन्मगाव आणि आधीची शाळा असते.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पहिल्या मुलाची नोंद आजोबांच्या गावी शोधत बसू नका. ती आजीच्या माहेरच्या गावच्या कोतवाल बुकात मिळते. आपल्याकडे खेड्यातले जन्म-मृत्यू कोतवाल लिहून ठेवत, त्या वह्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. त्यात बाळाचं नाव शोधून उपयोग नाही. नोंद बारशाच्या आधीची, म्हणून फक्त "मुलगा" किंवा "मुलगी", बापाचं नाव आणि जात. काही जुनी पानं मोडी लिपीत असतात.

तहसील आजची नव्हे, तेव्हाची बघा. पूर्वी नागपूर जिल्ह्यात चारच होत्या: नागपूर, रामटेक, उमरेड, काटोल. आजचं नरखेड तेव्हा काटोलात, कुही आणि भिवापूर उमरेडात. वही जुन्या तहसिलीत राहिली की नव्या ठिकाणी "नोंद आढळत नाही" असा शेरा मिळतो, आणि माणसं शोध सोडून देतात. हे फार वाईट वाटतं, कारण कित्येकदा वही शाबूत असते.

ज्यांच्याकडे पत्रिका नाही त्यांनी घरातल्या खुणा विचाराव्या. "मानमोडीच्या साली" म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीचं 1918. "दीक्षेच्या आधी की नंतर" याचा अर्थ बाबासाहेबांची नागपुरातली धम्मदीक्षा, 14 ऑक्टोबर 1956. "कायदा लागायच्या आत लग्न उरकलं" म्हणजे बहुधा 1 एप्रिल 1930 च्या आधी, कारण बालविवाह रोखणारा शारदा कायदा त्या दिवसापासून लागू झाला. त्या लग्नांत मुली फार लहान असत, पहिलं मूल पाच-सात वर्षांनी धरून शोधा.

रामटेक, सध्या मेलबर्न

---

दोघांचे मनापासून आभार. पत्रिकेत "बुधवार, इष्ट घटी 52 पळे 30" आहे. घरचे म्हणतात जन्म गुरुवारचा.

धंतोलीची

---

ताई, दोन्ही बरोबर आहेत. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, आणि इष्ट घटी सूर्योदयापासून मोजतात. एक घटी 24 मिनिटं, म्हणून साडेबावन्न घटी म्हणजे 21 तास. सूर्योदय सहाचा धरला तर पहाटेचे तीन. पत्रिकेसाठी तो अजून बुधवार, घड्याळासाठी गुरुवार. धाकट्या भावंडांच्या पत्रिका पाहाल तेव्हा ध्यानात असू द्या, 1 सप्टेंबर 1942 ते 15 ऑक्टोबर 1945 घड्याळं एक तास पुढे होती.

अर्जात एकच तारीख लिहू नका, तेवढीच पाहून परत पाठवतील. तिथीवरून निघालेल्या तारखेच्या मागचा-पुढचा एकेक महिना मागा. आजोबांचं पूर्ण नाव, माहेरचं गाव, तेव्हाची तहसील लिहा आणि नाव कळत नसलं तरी त्या गावातल्या त्या काळातल्या सगळ्या नोंदी पाहू देण्याची विनंती करा. गावच ठरत नसेल तर आधी गंजावरची ओळ वाचा, अर्ज त्यानंतर.

महाल