बँकेच्या साइटला डॉटकॉम नाही, शेवटी .एसबीआय?? मामांना पण असं मिळेल का

सांगलीकर०७: काल मामांचा फोन, घाबरलेले, म्हणे बँकेची लिंक उघडली तर शेवटी ना डॉटकॉम ना डॉटइन, नुसतं .एसबीआय, खातं साफ तर नाही ना होणार. बघितलं तर ते शेपूट खरंच स्टेट बँकेचंच आहे. आता मामांनी वेगळंच धरलंय, त्यांचा मसाल्याचा ब्रँड आहे, ट्रेडमार्क पण आहे, आपल्या नावाचं असं काढायला किती लागतील?

डीएनएसवाला: मामांना आधी खुर्चीत बसव 😀 अशी शेपटं आयकॅन, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचा जगभरचा कारभार बघणारी संस्था, फेऱ्याफेऱ्यांनी देते. २०२६ च्या फेरीची नुसती अर्जाची फी २ लाख २७ हजार डॉलर, म्हणजे दोन कोटींच्या घरात, वर आयकॅनला दरवर्षी २५ हजार डॉलरच्या पुढे द्यायचे आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांचे वेगळे. २०१२ ला १ लाख ८५ हजार होती, तरी १९३० अर्ज आले होते. आणि ब्रँडचं शेपूट घेतलं तरी त्याखालची नावं बाहेर विकता येत नाहीत, कंपनी, तिच्या उपकंपन्या आणि ट्रेडमार्कचं लायसन असलेले, बास. म्हणूनच .एसबीआय खाली कुठला भामटा घुसू शकत नाही.

तिरपागडा: पैसे असले तरी गॅरंटी नाही. टाटांनी .टाटा मागितलं तर मोरोक्कोत टाटा नावाचा प्रांत निघाला, प्रांताचं नाव म्हटलं की तिथल्या सरकारची लेखी ना हरकत लागते, तिथेच गाडी अडकली. .टाटामोटर्स मात्र मिळालं. ॲमेझॉन कंपनीला .ॲमेझॉनसाठी नदीच्या नावावरून ब्राझील-पेरूनी अडवलं, २०१२ चा अर्ज, चालू व्हायला २०२० उजाडलं.

सांगलीकर०७: मामा म्हणतात जाऊ दे, साधं डॉटकॉमच घेऊ. पण ते कुणीतरी २०१९ लाच घेऊन ठेवलंय, साइट नाही काही नाही, नुसतं 'विकणे आहे'.

डीएनएसवाला: त्यावर तक्रार करता येते, वायपोकडे (ट्रेडमार्क वगैरे बघणारी युनोची संस्था) एका पंचाची फी १५०० डॉलर. पण तीन गोष्टी दाखवाव्या लागतात, नाव तुमच्या मार्कसारखं आहे, घेऊन ठेवणाऱ्याचा त्यावर काही हक्क नाही, आणि त्याने वाईट हेतूने घेतलं आणि तसंच वापरतोय. तिन्ही हव्यात, दोन असून भागत नाही. ट्रेडमार्क कधीचा आहे?

सांगलीकर०७: २०२१ 😐

डीएनएसवाला: मग अवघड. त्याने घेतलं तेव्हा मार्कच नव्हता असं म्हणेल तो. २०१९ च्या आधीपासून त्याच नावाने माल जातोय आणि नाव लोकांना माहितीय हे दाखवता आलं तर बघ, जुनी बिलं, जाहिराती काहीही.

सांगलीकर०७: बिलं नाहीत, पण माळ्यावर २००८ ची छापील पाकिटं पोतंभर पडलीयत, मामी दर दिवाळीला टाकून द्या म्हणते. आत्ताच फोन केला, हात लावू नका म्हणून.