वरून घेतलेल्या साध्या व्हिडिओबद्दल

प्रयोगातल्या उंदराचं वागणं टिपायला ‘वरून लावलेला साधा कॅमेरा पुरतो, उंदीर कुठे आहे ते कळलं की झालं’ असं एक मत असतं. तो किती फिरला एवढंच मोजायचं असेल तर ते मान्य. पण तो मागच्या पायांवर उभा राहिला की वरून नुसता आखूड दिसतो. अंग आक्रसून बसला तरी तसाच. खोली, म्हणजे कॅमेऱ्यापासूनचं अंतर, मोजणाऱ्या कॅमेऱ्यात प्रत्येक बिंदूची उंची मिळते, त्यामुळे हा घोळ टळतो. शिवाय हा कॅमेरा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशावर चालतो, म्हणजे मिट्ट काळोखातही, आणि उंदीर तर निशाचर.

याचंच एक उदाहरण: हार्वर्ड मेडिकल स्कूलमधल्या संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या गटाने २०१५ मध्ये व्हिडिओ गेमसाठी बनलेला काइनेक्ट हा असा खोली मोजणारा कॅमेराच वापरला, सेकंदाला ३० चित्रं. उंदराचं वागणं सेकंदाहूनही छोट्या, पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यांचं निघालं. त्यांना ते ‘अक्षरं’ म्हणू लागले. कोल्ह्याचा वास आल्यावर उंदीर थिजला, तेव्हाही मुख्यतः जुनीच अक्षरं वेगळ्या क्रमाने जुळली होती. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण कोणते तुकडे शोधायचे हे माणसाने आधी ठरवून दिलेलं नव्हतं.