वळताना खट्टक! तुमच्या पिकअपमध्ये नेमकं काय निघालं?

आत्ता खिडकीखालून एक पिकअप वळली आणि पुढून असा खट्टक आवाज आला की हातातलं काम टाकून बघायला गेलो. बाबांची गाडी आठवली एकदम. तिचंही हेच, सरळ रस्त्याला गप्प आणि स्टिअरिंग फिरवलं की खट्ट. गॅरेजमध्ये आधी शॉकअपसर बदलले, मग ब्रेक खोलून झाले, आवाज जागच्या जागी. शेवटी एक म्हातारे मिस्त्री भेटले, त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी नुसते प्रश्न विचारले. उभ्या गाडीत फिरवलं तरी वाजतं का? रेस दिल्यावर की सोडल्यावर? रिव्हर्सला येतो का? मग बाबांना स्टिअरिंगवर बसवलं, स्वतः खाली आडवे झाले, खालच्या आर्मच्या (चाक धरून ठेवणारा दांडा) बॉल जॉइंटवर, म्हणजे टोकाच्या गोल सांध्यावर, हात ठेवला आणि म्हणाले आता फिरवा सावकाश. हाताला ठोका लागला. रबर फाटून आत पाणी गेलं होतं, ग्रीसच्या जागी नुसता गंज. निम्मं काम त्या प्रश्नांनीच झालं होतं असं मला आजही वाटतं. तुमच्याकडे काय निघालं ते लिहा, छोटंमोठं सगळं चालेल.

*

लिंक रॉड. एक चाक खड्ड्यात गेलं की पण वाजतं ना? मग आधी लिंक रॉड आणि स्टॅबिलायझरचे (वळताना गाडी फार कलू न देणारा आडवा दांडा, लिंक रॉड त्यालाच जोडलेला) रबरी बुश बघायचे. हाताने हलवून कळतं.

*

आमच्याकडे आवाज मागून यायचा. सगळे पुढे शोधत बसलेले. गाडी भरली की जास्त, रिकामी असली की कमी. कमान पाट्यांचे यू-बोल्ट ढिले झाले होते आणि शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला टांगणारी कडी) बुश पार गेलेले, वळताना अ‍ॅक्सल पाट्याखाली किंचित सरकायचा. यू-बोल्ट नुसते आवळून भागत नाही हो, ताणलेले असतात, नवेच टाकावेत आणि थोडं चालवल्यावर परत आवळून घ्यावेत. पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट तुटलाय का तेही त्याच वेळी बघून घ्या, तो तुटला तर अ‍ॅक्सल खरंच जागा सोडतो.

*

बाबांचं वाचून भरून आलं. आमच्याही घरी पिकअपच होती, मागे ताडपत्री टाकून आम्ही सगळी भावंडं झोपायचो त्यात. आवाजाचं मला काही सांगता येणार नाही पण वाचतेय सगळं.

*

ताई ताडपत्रीचा तो वास!! आमच्यात पुढे बसायला भांडणं व्हायची, खिडकीची जागा मोठ्याला.

*

फोर बाय फोरवाल्यांसाठी लिहितो. पार्ट टाइम फोर व्हील असेल आणि कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर एच (चारही चाकांना ताकद) लागलेलं राहिलं तर वळताना गाडी अडखळते, टायर उड्या मारल्यासारखे होतात आणि खालून ठकठक येते. वळणात पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात, मधे हा फरक सामावून घेणारं सेंटर डिफरन्शियल नाही, मग तो ताण सगळा शाफ्ट आणि पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर. चिखलात, रेतीत चाक घसरतं म्हणून जाणवत नाही. टू एच (फक्त मागची चाकं) मध्ये घेऊन सरळ थोडं मागे पुढे केलं की सुटतं. भावाची गाडी खोलायला काढलेली, मी म्हटलं आधी लिव्हर बघा.

*

मागे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं) असेल तर आणखी एक. हळू, टाइट वळणात मागून घरघर आणि धडधड. आतल्या क्लच प्लेटा चिकटून सुटतात. पुस्तकात लिहिलंय तोच गिअर ऑइल आणि लागत असेल तर त्यात फ्रिक्शन मॉडिफायर, मग मोकळ्या जागेत इंग्रजी आठच्या आकारात हळूहळू चकरा मारायच्या म्हणजे नवं ऑइल प्लेटांत शिरतं. आमचा आवाज ऑइल बदलूनच गेला.

*

चाकाचे नट बघितले का कोणी??? पंक्चर काढल्यावर आवाज सुरू झाला असेल तर पुढे एक किलोमीटर पण जाऊ नका. चाक काढून लावलं की पहिल्या शंभरेक किलोमीटरच्या आत नट परत आवळायचे, घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

*

मुलांचा अभ्यास घेता घेता लिहितेय, चुका समजून घ्या. आमच्या ह्यांना स्टिअरिंगच्या दांड्यात हाताला टक जाणवायचं, कानाला कमी. तो खालपर्यंत जाणारा शाफ्ट असतो त्याचा सरकता जोड कोरडा झालेला. हाताला जाणवतं की पायाखाली जाणवतं की सीटखाली, हे पण मिस्त्रीला सांगा प्लीज, आम्हाला त्यानेच सापडलं.

*

बॉल जॉइंट तपासायचा असेल तर: गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकांना ठोकळे, जॅकवर विसंबून खाली अजिबात शिरायचं नाही, स्टँड लावायचेच. कॉइल स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असेल तर जॅक त्या आर्मखाली लावा म्हणजे जॉइंटवरचा दाब सुटतो, नाहीतर स्प्रिंग त्याला दाबून धरते आणि खराब जॉइंटही घट्ट वाटतो. मग टायर १२ आणि ६ वर धरून हलवायचा. खेळ आला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग, दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा, ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग. ९ आणि ३ वर हलवलं की टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक) कळतो. आणि एक गोष्ट फार जणांकडून राहते, आर्मचे रबरी बुश बदलले तर त्यांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. लटकत्या आर्मवर आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं, मग लोक म्हणतात पार्ट डुप्लिकेट निघाला. बॉल जॉइंट बदलला की अलाइनमेंट करून घ्याच.

*

+१, बुशचं शंभर टक्के खरं

*

स्टेपनी! खाली साखळीला लटकते ती. ढिली होती, वळलं की चेसिसला ठोकायची. हौद्यातला जॅक आणि पानेही आधी काढून बघा.

*

माझा खट्टक नाहीये, कट कट कट कट असा येतो, पूर्ण वळवून रेस दिली की. वेग वाढला की कटकट पण भराभर. फोर बाय फोर आहे. काय असेल?

*

बाहेरचा सीव्ही जॉइंट वाटतोय, चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवणाऱ्या हाफ शाफ्टच्या टोकाचा सांधा. चाकाच्या आतल्या बाजूला, रिमवर ग्रीस उडालंय का बघा.

*

आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो. डावीकडे काळं ग्रीस आहे सगळीकडे, अकॉर्डियनसारखं रबर आहे ते चिरलंय.

*

रबर फाटलं पण आवाज नसता तर साफ करून नवं ग्रीस, नवं बूट (तेच रबर) एवढ्यावर भागलं असतं. आता कटकट येतेय म्हणजे आत गोळ्यांनी खाचा पाडल्यात, ग्रीसने त्या भरत नाहीत. जॉइंट नाहीतर अख्खा हाफ शाफ्ट बदलावा लागेल. तोवर लांब नेऊ नका, पूर्ण वळवून रेस तर देऊच नका. उजवीकडचं बूटही बघून घ्या दादा.

*

उजवीकडचं ठीक आहे. गाडी उभी केलीय, सकाळी मिस्त्रींना घरीच बोलावतो.