मदत हवी आहे: बहीण प्रबंध द्यायलाच तयार नाही

नमस्कार मंडळी. आम्ही डिचोलीचे. धाकटी बहीण पणजीत एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंध लिहून झालाय, पण द्यायचं नाव घेत नाही. तेच प्रकरण खोडते, पुन्हा लिहिते. झोप नाही, जेवण अर्धवट. चवथीला घरात गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधत होतो, तेव्हाही हिच्या मांडीवर लॅपटॉप! आई म्हणते, हुशार मुलं अशीच असतात. मला नाही पटत.

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये मांडलेल्या आत्मकरुणेबद्दल वाचलं: स्वतःशी मायेनं वागणं, चुका सगळ्यांच्याच होतात हे ओळखणं, दुःख न दडपता, न फुगवता बघणं. तिला सांगितलं तर म्हणते, "ताई, हे आळशांचे लाड." यावर काय बोलणार?

बांबोळीची मनोविकार संस्था माहीत आहे, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबरही. पण विषय काढला की बाईसाहेब फोन ठेवतात. तुमच्या घरात कुणाला समुपदेशनासाठी कसं तयार केलंत? आणि म्हापसा-पणजी भागात मराठी किंवा कोंकणीत बोलणारे चांगले समुपदेशक माहीत असतील तर कृपया मेसेज करा. प्रबंधाची मुदत जवळ आलीय.