'खुडूक', 'रवण' आणि कोंबड्यांमागे लागणारा बदक

प्रश्न : कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवली, तर ती 'खुडूक आहे' म्हणायचं की 'रवणावर आहे'? आणि त्या अंड्यांतून निघालेला नर मोठा झाल्यावर कोंबड्यांच्याच मागे लागतो, तेव्हा तो 'माजावर आला' असं म्हणतात का?

प्रतिसाद : दोन्ही शब्द वेगळे आहेत. खुडूक ही कोंबडीची अवस्था. अंडी देणं थांबतं, पिसं फुलवून ती एका जागी बसून राहते, हात नेला की टोचते. खाली अंडी नसली तरी कोंबडी खुडूक असतेच. रवण म्हणजे प्रत्यक्ष उबवणी, म्हणून खुडूक कोंबडी 'रवणाला बसवतात'. अंडी बदकाची असली तरी शब्द तोच.

प्रतिसाद : शब्द तोच, पण हिशेब बदलतो. कोंबडीचं अंडं 21 दिवसांत फुटतं, बदकाचं 28, मस्कोव्ही या वेगळ्या जातीच्या बदकाचं साधारण 35. काही कोंबड्या तिसरा आठवडा उलटला की उठून जातात आणि आत तयार झालेली पिल्लं मरतात. म्हणून नुकतीच खुडूक झालेली कोंबडी घ्या, दाणा-पाणी जवळच ठेवा. गावठी कोंबडीखाली सहा-सात अंड्यांपेक्षा जास्त नकोत. कडेच्या अंड्यांना ऊब पुरत नाही. बदकाचं अंडं जड असतं, लहान चणीच्या कोंबडीला ते नीट उलटवता येत नाही. ती चरायला उठली की हातानं उलटवा. शेवटचे तीन दिवस मात्र उलटवू नका. बदकीण ओल्या पिसांनी परत येऊन बसते, कोंबडी तसं करत नाही, तेव्हा उबवणीच्या उत्तरार्धात कोमट पाणी हलकं शिंपडावं.

पिल्लं निघाल्यावर त्यांना खोल पाण्यात सोडू नये. बदकिणीच्या पिसांवरचं तेल त्यांना मिळालेलं नसतं. लव भिजते, पिल्लू गारठतं. नियासिन (ब-3 जीवनसत्त्व) कमी पडलं तर पाय वाकतात, आणि कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात ते बदकांना पुरेसं नसतं.

प्रतिसाद : दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. माज हा गाई-म्हशी-शेळ्यांचा शब्द, तोही मादीसाठी. पक्ष्यांना तो लावत नाहीत. नर 'चढतो' एवढंच म्हणावं. 'फळणे' तर इथे अजिबात नको, कारण बदक आणि कोंबडी यांच्यापासून पिल्लू होत नाही. मस्कोव्ही नर आणि साधी बदकीण यांची संतती होते, पण ती वांझ.

पिल्लाला कोंबडीचा 'लळा लागला' हेही पुरतं बरोबर नाही. लळा हळूहळू लागतो. इथे जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत जे हलतं-बोलतं दिसेल त्याची छाप बसते. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कॉनराड लोरेन्झ यांनी 1935 मध्ये यावर सविस्तर लिहिलं. वयात आल्यावर जोडीदार निवडतानाही ही छाप काम करते, नरांमध्ये विशेष. मला तरी 'छाप बसणे' हाच शब्द योग्य वाटतो.

प्रतिसाद : हे गमतीचं समजून सोडून देऊ नका. कोंबड्याला शिश्न नसतं, नुसता गुदद्वाराचा स्पर्श होतो. नर बदकाला मळसूत्रासारखं पिळदार शिश्न असतं. तो कोंबडीवर चढला तर तिला आतून इजा होऊ शकते. मानेची पिसं ओरबाडली जातात ती वेगळीच. एका नरामागे चार-सहा बदकिणी ठेवा. तरीही तो कोंबड्यांकडेच वळत असेल, तर त्याचं खुराडं वेगळं करा.