मदत हवी आहे : एकाच बाजूचा जुनाट सायनस, आधी दाढ की शस्त्रक्रिया?

माझ्या आईला (वय ६२, राहणार दादर) गेल्या पावसाळ्यापासून फक्त उजव्या बाजूच्या सायनसचा त्रास आहे: गालात जडपणा, घशात उतरणारा दुर्गंधीयुक्त कफ आणि मंदावलेले गंधज्ञान. त्रास १२ आठवड्यांहून अधिक टिकला की तो जुनाट मानतात. ती मर्यादा केव्हाच ओलांडली आहे.

प्रतिजैविके, मोमेटासोनचा (स्टेरॉइडचा) नाकात मारायचा फवारा आणि उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून रोज नाक धुणे, हे सारे नियमित करूनही आराम तात्पुरताच मिळतो. सीटी स्कॅनमध्ये उजवा मॅक्सिलरी (गालाच्या हाडातला) सायनस भरलेला दिसतो, पॉलिप (नाकातली मऊ मांसल वाढ) नाही. घरात ओल नाही, दमा नाही. मधुमेह मात्र आहे, त्यामुळे स्टेरॉइडच्या गोळ्या शक्यतो टाळायच्या आहेत. (वाफ आणि हळदीचे दूध चालूच आहे, ते कृपया सुचवू नये.)

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया सुचवली आहे. तथापि त्याच बाजूच्या वरच्या दाढेचे जुने रूट कॅनाल आहे आणि या दाढांची मुळे सायनसच्या तळाला जवळजवळ भिडलेली असतात. शिवाय एकाच बाजूच्या सायनसमागे दाताचा संसर्ग किंवा बुरशी असू शकते, हे लक्षात घेता घाई करावीशी वाटत नाही. दातांच्या साध्या एक्स-रेत दोष आढळला नाही, पण मुळाशी असलेला संसर्ग त्यात निसटू शकतो.

शस्त्रक्रियेआधी सीबीसीटी (दात-जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) करून दाढेचा निकाल लावावा, की दोन्ही उपचार एकत्र करतात? आणि मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालय व नायर दंत रुग्णालय जवळजवळ असल्याने तेथे दोन्ही विभागांचे एकत्रित मत मिळाल्याचा कोणाचा अनुभव आहे का?