मदत हवी आहे: १९६६ ची फोर्ड मस्टँग, बॉनेटखाली व्ही-८ पण चाकाला चारच नट

नमस्कार मंडळी,

डेट्रॉइटजवळ ट्रॉयला राहतो. गेली नऊ वर्षं ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूच्या कडेला घडीची खुर्ची टाकून ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक, बघतोय. (१९९५ पासून चालू आहे. फर्नडेल ते पॉन्टिॲक, हजारो जुन्या गाड्या बैलगाडीच्या वेगाने. कच्च्या पेट्रोलचा वास दुसऱ्या दिवशीही शर्टाला असतो.) यंदा खुर्चीतून उठायचं ठरवलंय.

रॉयल ओकमधल्या एका आजोबांची लाल मस्टँग कूप विकायची आहे. १७ हजार डॉलर म्हणतायत. फेंडरवर (पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर) २८९ चा, म्हणजे २८९ क्युबिक इंची इंजिनाचा बिल्ला, बॉनेटखाली खरंच व्ही-८, आठ सिलिंडरचं इंजिन. बाबा सध्या आमच्याकडे आलेत. लहानपणी कोल्हापुरात कुणाच्या तरी डॉजमागे पळालेला माणूस, कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये जोडलेली डॉज. त्यांचा निकाल लागला: "रंग झकास आहे, घेऊन टाक."

मला दोन गोष्टी खटकल्या. पुढच्या उजव्या सीटसमोरचं कार्पेट ओलसर लागलं. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. आजोबा म्हणाले, काच उघडी राहिली असेल. पण सीट कोरडी ठणठणीत होती! आणि चाकाला चारच नट. डिअरबॉर्नच्या ग्रीनफील्ड व्हिलेजमध्ये जूनमध्ये मोटर मस्टर हे जुन्या गाड्यांचं संमेलन भरतं, तिथले माझे फोटो काढून बघितले, व्ही-८ मस्टँगना पाच दिसतात. गाडीवर कोरलेला कारखान्याचा नंबर '६एफ०७टी'ने सुरू होतो. जाणकारांनी सांगा.

जुनंलोखंड:
उत्तर नंबरातच आहे. ६ म्हणजे १९६६, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०७ म्हणजे कूप आणि टी म्हणजे २०० क्युबिक इंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन. २८९ असतं तर तिथे सी, ए नाहीतर के असतं. व्ही-८ मागाहून कुणीतरी बसवलंय. त्यात पाप काही नाही, पण बसवणाऱ्याने खाली हात लावलेला नाही. सहावाल्या गाडीला चार नट, ९ इंची ब्रेक ड्रम, मागचा ॲक्सलही हलका. व्ही-८ ला पाच नट, १० इंची ड्रम. म्हणजे इंजिन पैलवानाचं आणि ब्रेक शाळकरी पोराचे. त्यात ब्रेकच्या नळ्यांत तेल दाबणारा मास्टर सिलिंडर ६६ मध्ये एकेरी. एक नळी फुटली की चारी चाकांचे ब्रेक गेले.

कार्पेटचं दुखणं जास्त महाग आहे. काचेपुढे ज्या जाळीतून हवा आत येते, तिच्या खाली पत्र्याचा बंद डबा असतो, काउल. त्यात पानं-माती साचते, हवेच्या तोंडाची कड गंजते आणि पाणी थेट पायावर. बाहेरून काही दिसत नाही. जाळीत तांब्याभर पाणी ओता, दुसऱ्याला डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन बसवा. दुरुस्ती म्हणजे फेंडर काढून एकेक स्पॉट वेल्ड फोडत बसायचं.

मिशिगनवासी काकू:
लोहचुंबक रुमालात गुंडाळून दारांच्या खालच्या कडेने फिरवा. चिकटला नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. आमच्या ह्यांनी हे घेतल्यानंतर केलं. आणि क्रूझसाठी घाई नको. २५ वर्षांवरच्या गाडीला हिस्टॉरिक नंबरप्लेट मिळते, एरवी शो, परेड, क्लबचे कार्यक्रम एवढ्यालाच गाडी काढायची, ऑगस्टभर मात्र कुठेही फिरवा. ऑगस्ट दरवर्षी येतो.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. आज जाऊन आलो. पाण्याचा जग आजोबांनीच आणून दिला. डावीकडे कोरडं. उजवीकडे आधी हीटरशेजारून थेंब, मग धार, चहासारखं तांबूस पाणी. टॉर्च धरून वाकलेल्या बाबांच्या बाहीवर डाग पडला. आजोबा बराच वेळ गप्प राहिले, मग स्वतःहून १२ हजार म्हणाले.

आता सांगा, काउल, ब्रेक आणि मागचा ॲक्सल असं सगळं धरून १२ ला परवडेल का? बाबा अजून "घे"च म्हणतायत.